तन्मणीचं खोड, तंगूस आणि शिशाचा डाग : एका दुरुस्तीची हकिगत

दागिना तन्मणी. मोत्यांचे तीन सर, मधोमध पोलकी हिऱ्यांचं आणि लाल खड्यांचं खोड, म्हणजे पदक, दोन्ही टोकांना सोन्याच्या कड्या. मागे रेशमी गोंडा असायला हवा होता, त्या जागी काळी नाडी बांधलेली. मालकीणबाई पुण्यातल्याच, साठीच्या आसपासच्या. तन्मणी त्यांच्या सासूबाईंच्या आईचा. मुलीचं लग्न ठरलेलं आणि मुलीनं हट्ट धरलेला, की नऊवारीवर घालीन तर हाच.

"घालण्यासारखा करून द्या आणि जरा नव्यासारखा चमकवून द्या," एवढीच मागणी होती. आमच्याकडे येण्याआधी त्या एका मोठ्या पेढीवर जाऊन आल्या होत्या. तिथे त्यांना सांगितलं गेलं, की यात सोनं फारसं नाही, आत लाख भरलेली आहे, मोती पिवळे पडलेत, तेव्हा मोडीत काढा आणि वजनाचे पैसे धरून नवा घ्या. मोडीच्या हिशेबापुरतं ते खरंच होतं. मोडीत लाखेचं वजन वजा होतं, घट वजा होते, खड्यांचे पैसे धरले तर धरले, मोत्यांचे बहुधा नाहीतच. तीन सरांचा तन्मणी असा हिशेबात दोन वळ्यांइतकाही भरत नाही. पण मोडीच्या भावानं जुन्या मोत्यांची किंमत करणं म्हणजे पैठणी जरीच्या वजनावर विकणं, आणि हे त्या बाईंना कुणी सांगितलं नव्हतं.

आमच्या धंद्यात एक गोष्ट वारंवार दिसते. जुन्या दागिन्याला वापरानं जेवढी इजा होते, त्याहून जास्त इजा आधीच्या दुरुस्त्यांनी आणि घरच्या सफाईनं झालेली असते. या तन्मणीवर निदान तीन वेगवेगळ्या हातांचं काम दिसत होतं. ते उलगडल्याशिवाय चमकवण्याचा प्रश्नच नव्हता.

मोजणी आणि नोंद

दागिना आत नेण्याआधी बाईंच्या समोरच बसून मोजणी केली. वजन नाडीसकट ४१ ग्रॅम ३०० मिली. मोती ३१२. खोडात पोलकी सात, लाल खडे पाच, एक घर रिकामं. पुढून, मागून आणि दोन्ही बाजूंनी फोटो काढले, प्रत्येक सराचा वेगळा काढला, आणि पावतीवर हे सगळं लिहून त्यांची सही घेतली. मोती मोजायला वेळ जातो, गिऱ्हाईक कंटाळतं, कधीकधी 'आमचा विश्वास आहे हो' असंही म्हणतं. तरी मोजायचेच. सर उसवल्यावर एक मोती जरी कमी भरला, तर तो आधीच कमी होता की आपल्याकडे हरवला, हे दोघांनाही सिद्ध करता येत नाही.

मोजतानाच पहिला सुगावा लागला. वरच्या दोन सरांतले मोती किंचित ओबडधोबड होते. कुणी जरा चपटा, कुणी एका अंगाला निमुळता, रंग सायीसारखा, काही गुलाबी झाकेचे. सगळ्यात खालच्या सरात मात्र मध्ये एकोणीस मोती अगदी गोल, एकसारखे आणि जास्त पांढरे. दहापट भिंगाखाली भोकं पाहिली. ओबडधोबड मोत्यांची भोकं अर्ध्या मिलिमीटरहूनही बारीक होती, गोल मोत्यांची चांगली रुंद. जुना नैसर्गिक मोती वजनावर विकला जायचा, त्यामुळे भोक पाडणारा जमेल तेवढं बारीक पाडायचा, कारण भुकटी होऊन गेलेला मोती म्हणजे गेलेले पैसे. संवर्धित, म्हणजे माणसानं शिंपल्यात मुद्दाम पिकवलेल्या, मोत्याच्या बाबतीत ती चिंता नसते. जपानमध्ये मिकिमोतोनं १८९३ साली अर्धगोल मोती पिकवून दाखवला आणि पूर्ण गोल संवर्धित मोती बाजारात भरपूर दिसू लागले ते १९२० च्या दशकात. म्हणजे हे एकोणीस मोती त्यानंतर कधीतरी, हरवलेल्यांच्या जागी भरलेले. बाकीचे ज्यांना आपण बसरा मोती म्हणतो, तसे दिसत होते. पर्शियन आखातातले मोती मुंबईला यायचे, इथेच निवडले, भोकले आणि ओवले जायचे. पुढे संवर्धित मोती आले, मंदी आली, १९३२ मध्ये बहारीनला तेल सापडलं आणि पाणबुड्यांचा तो धंदा बसला तो बसलाच.

भिंगानं अंदाज बांधता येतो, खात्री होत नाही. खात्रीला प्रयोगशाळेत क्ष-किरण लागतात. नैसर्गिक मोत्यात थर थेट केंद्रापर्यंत गेलेले दिसतात, संवर्धितात आत घातलेल्या मण्याची कड उमटते. मी बाईंना म्हटलं, सर उसवलेलेच आहेत तोवर मुंबईला पाठवून अहवाल करून घ्या. त्या म्हणाल्या, "विकायचाच नाही, तर कागद कशाला?" विमा हे एक कारण मी सांगून पाहिलं. पटलं नाही. दागिना त्यांचा, तेव्हा तिथेच थांबलो.

तपासणीत काय निघालं

सर तंगुसात ओवलेले होते. मासेमारीचा तो नायलॉनचा धागा तुटत नाही, म्हणून कुणीतरी 'मजबूत' काम करून दिलेलं. तुटत नाही हाच त्याचा दोष. रेशीम मऊ असतं, झटका बसला तर ते तुटतं आणि मोती वाचतो. तंगूस कडक. त्यावर धूळ आणि घाम बसला की तो भोकाच्या कडेवर करवतीसारखा चालतो. भिंगाखाली बऱ्याच मोत्यांच्या भोकाच्या कडा एका बाजूला झिजून लांबट झालेल्या दिसल्या, आणि एका मोत्याला भोकापासून तडा गेलेला होता. टोकांना गाठी सुटू नयेत म्हणून झटपट चिकटणाऱ्या गोंदाचे थेंब सोडलेले होते. तो गोंद पिवळा पडून दोन-तीन मोत्यांच्या अंगावर ओघळला होता.

मोती पिवळे दिसत होते ते दोन कारणांनी. एक म्हणजे वय. मोती म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचे अतिशय पातळ थर आणि त्यांना धरून ठेवणारं सेंद्रिय द्रव्य. ते द्रव्य काळानुसार रंग धरतं आणि तो रंग जात नाही. दुसरं म्हणजे मळ, तेल, पावडर आणि अत्तर यांचा थर, तो जातो. यातलं किती कशामुळे, हे एका मोत्याचा अर्धा भाग पुसून पाहिल्याशिवाय कळत नाही. पुसून पाहिला. बराचसा मळच होता.

आता खोड. पुढून सोनं छान होतं, कोंदणाच्या कडांवर कुंदनाचा, म्हणजे दाबून भरलेल्या शुद्ध सोन्याचा, पिवळाधमक रंग. मागची बाजू साधी, पत्र्याची. कानाजवळ धरून हलवलं तर आत बारीक खुळखुळ. म्हणजे लाख सुकून, आकसून, तिचे तुकडे झालेले. सात पोलकींपैकी दोन काळवंडलेल्या. कुंदनकामात खडा मागून बंद असतो आणि त्याच्याखाली चांदीचा चकचकीत वर्ख असतो. पोलकीची जी चमक आपल्याला दिसते ती अर्धी त्या वर्खाची. कोंदणाला कुठे फट असली आणि पाणी आत गेलं, की वर्ख काळा पडतो आणि हिरा मेल्यासारखा दिसतो. मी विचारलं, "हा कधी पाण्यात टाकला होता का?" बाई जरा थांबून म्हणाल्या, सासूबाई दर दिवाळीला सगळं सोनं रिठ्याच्या पाण्यात भिजत घालायच्या. साध्या पाटल्यांना, गोठांना ते चालतं. खोडाचं मात्र त्यानंच नुकसान केलं.

लाल खड्यांवर अतिनील प्रकाशाची छोटी बॅटरी धरली. पाचांपैकी चार कमीअधिक लाल उजळले, एक मख्ख राहिला. उजळला म्हणजे माणिकच असं नाही, लाल स्पिनेलही असाच उजळतो, आणि लोह जास्त असलेलं माणिक फिकं उजळतं. पण मख्ख राहिलेल्यात भिंगाखाली गोल बुडबुडे दिसले आणि कडा बोथटलेल्या होत्या. ती काच. हा बदलही जुनाच, कारण त्याच्याभोवतीचं कुंदन बाकीच्यांइतकंच झिजलेलं होतं.

सगळ्यात वाईट गोष्ट खोडाच्या डाव्या बाजूला होती. तिथे सरांसाठी तीन बारीक कड्या असतात. त्यातली खालची तुटून परत जोडलेली होती, आणि जोड करड्या रंगाचा. कथील-शिशाचा डाग, म्हणजे वितळवून दिलेला सांधा. भांड्याला किंवा रेडिओच्या तारेला देतात तसा. सोन्याचा कस पाहायच्या क्ष-किरण यंत्रावर ठेवल्यावर कथील आणि शिसं दोन्ही दिसली. त्याच यंत्रावर खोडाची मागची पाठ २२ कॅरेटच्या जवळ आली, पुढची कोंदणं जवळपास शुद्ध. असं होणारच, कारण यंत्राचा किरण सोन्यात जेमतेम काही मायक्रॉन शिरतो, त्यामुळे तो जिथे पडेल तिथल्या पृष्ठभागाचाच कस सांगतो. जडावाच्या, म्हणजे खडे बसवलेल्या, दागिन्याचा एकच आकडा सांगणाऱ्यावर फार विसंबू नये. कुंदन, पोलकी आणि जडाव दागिने सक्तीच्या हॉलमार्किंगमधून वगळले आहेत, त्यालाही असल्या दागिन्यांची ही गुंतागुंतच कारणीभूत असावी.

एक गमतीची गोष्ट अशी, की टोकाच्या दोन मोठ्या कड्या, ज्यात नाडी अडकवली होती, त्यांचा कस ५८ टक्क्यांच्या आसपास निघाला. म्हणजे चौदा कॅरेट. आपल्याकडे जुन्या घरात चौदा कॅरेट कोण वापरतं? पण १९६३ च्या जानेवारीत सुवर्ण नियंत्रण आलं तेव्हा नवे दागिने चौदा कॅरेटच्या वर घडवायला बंदी होती, आणि ती अट १९६६ मध्ये उठली. त्या काळात हजारो सोनार बेकार झाले. या कड्या बहुधा तेव्हाच्या. शिशाचा डागही तेव्हाच, भट्टी बंद पडलेल्या कुणा ओळखीच्या माणसाकडून, दिला गेला असेल का? हा माझा कल्पनाविलास. पण झीज दोन्हीकडे सारखी आहे.

काय करायचं नाही, हे आधी

जडावाचं काम आम्ही ज्यांच्याकडून करून घेतो ते जडिया बंगालचे, हात अतिशय चांगला. त्यांनी खोड पाहिलं आणि म्हणाले, "सब निकाल देते हैं. नया लाख, नया वरक, नया कुंदन. एकदम चकाचक." कारागिराच्या बाजूनं हे बरोबरच आहे. सगळं उलगडून नव्यानं बसवणं त्याला सोपं आणि सुरक्षित वाटतं.

मी नको म्हटलं. पोलकी म्हणजे हिऱ्याचे पातळ, वेडेवाकडे पापुद्रे. हिरा कितीही कठीण असला तरी ठरावीक दिशांनी चटकन फुटतो. शंभर वर्षं एका जागी बसलेला पापुद्रा उचकटताना तो फुटणारच नाही, अशी हमी कुणी देऊ शकत नाही. शिवाय कुंदन हे शुद्ध सोन्याच्या पट्ट्या थंडच, सळईनं दाबून दाबून भरलेलं असतं. शुद्ध सोनं शुद्ध सोन्याला नुसत्या दाबानं चिकटतं. ते काढलं की त्या जुन्या कारागिराचा हात गेला. मग खोड आमच्या जडियांचं होईल, आणि चांगलंच होईल, पण बाईंनी जे आणून दिलं ते उरणार नाही. सातपैकी पाच पोलकी ठणठणीत असताना सातही काढणं मला पटेना.

अल्ट्रासॉनिक यंत्र, वाफ, दागिने बुडवायची तयार रसायनं, यातलं एकही या दागिन्याला चालणार नव्हतं. यंत्राच्या कंपनांनी सैल खडे निखळतात आणि पाणी फटींतून आत जातं. वाफेनं लाख मऊ होते, लाखेला पाऊणशे-ऐंशी अंशसुद्धा पुरतात. तयार रसायनांपैकी काहींत आम्ल असतं, आणि आम्ल मोत्याला खातं. लिंबू, चिंच, व्हिनेगर यांचंही तेच. मोत्याचं पाणी एकदा उतरलं की घासून परत येत नाही. टूथपेस्टनं चोळायचा सल्ला तर दर दोन महिन्यांनी कुणीतरी विचारतं. त्यातली भुकटी शुद्ध सोन्यावर आणि मोत्यावर दोन्हींवर ओरखडे पाडते. स्पिरिटनं पुसणंही बाद, कारण लाख स्पिरिटमध्ये विरघळते.

शिशाच्या डागाचा प्रश्न सगळ्यात कठीण. तो न काढता ज्योत लावली, तर शिसं आणि कथील वितळून सोन्यात शिरतात. तिथे खड्डे पडतात आणि सोनं ठिसूळ होतं. अगदी थोडं शिसंही बावीस कॅरेट पत्र्याला कडकड मोडायला लावतं. शिसं विरघळवणारं मिश्रण असतं, ॲसेटिक ॲसिड आणि हायड्रोजन पेरॉक्साइडचं, साध्या सोन्याच्या दागिन्यावर आम्ही वापरतो. इथे ते आत झिरपलं तर वर्ख आणि लाख दोन्ही गेली. लेझर वेल्डिंगनं उष्णता फक्त टिकलीएवढ्या जागी लागते, पण शिसं मिसळलेल्या जागी तो जोडही तडकतो.

केलं ते

आधी सर उसवले. तंगूस दर दोन मोत्यांमध्ये कात्रीनं कापत गेलो. ओढून काढला असता तर कडा आणखी झिजल्या असत्या. मोती खाचांच्या पाटीवर, मखमलीवर, ज्या क्रमानं ओवलेले होते त्याच क्रमानं ठेवले. तन्मणीच्या सरात मोती मधून टोकांकडे लहान होत जातात आणि तो उतार जुन्या माणसानं डोळ्यानं साधलेला असतो. क्रम एकदा मोडला की परत तसा जमत नाही.

प्रत्येक मोती किंचित ओलसर मलमलीनं पुसला. पाण्यात टाकला नाही. फार चिकट होते तेवढ्यांना सौम्य साबणाचा एक थेंब पाण्यात घालून, त्यात पिळलेल्या कापडानं पुसलं, लगेच साध्या पाण्याच्या कापडानं, मग कोरड्या. भोकात मेण आणि मळ घट्ट बसला होता, तो बारीक नायलॉनच्या केसानं ढकलून काढला. गोंदाचे ओघळ बांबूच्या टोकदार काडीनं, भिंगाखाली, पापुद्र्यासारखे उचलले. एका मोत्यावर उरलेला पातळ डाग ॲसिटोननं गेला असता, काडीच्या टोकाला जेमतेम लावून. मी तो राहू दिला. भोकाजवळ आहे, ओवल्यावर दिसत नाही.

इथे रंगाबद्दल बाईंशी बोलणं झालं. पुसल्यावर मोती उजळले, पण पांढरेशुभ्र झाले नाहीत.

"अजून पांढरे नाही का होणार, दादा?"

"होतील काकू, पेरॉक्साइडमध्ये ठेवले तर. पण वरचा थर खडबडीत होईल आणि चमक जाईल. पांढरे दिसतील, खडूसारखे."

त्यांनी पाटीवरचा एक मोती उचलून खिडकीशी नेऊन पाहिला आणि म्हणाल्या, "मग असेच राहू देत. आजींच्या अंगावर मी पाहिले ते याच रंगाचे होते."

तडा गेलेला मोती बाजूला काढला. एकोणीस संवर्धित मोती ठेवायचे की बदलायचे? जुळणारे जुने नैसर्गिक मोती मिळवणं वेळेचं आणि भरमसाट खर्चाचं काम. ते ठेवले, पण सगळ्यात खालच्या सराच्या मधोमध होते तिथून उचलून मागच्या, मानेजवळच्या टोकांना विभागले. पुढे सगळे जुने आले. उताराला थोडा धक्का बसला, पण पाहणाऱ्याला ते कळत नाही. क्रम मोडायचा नाही म्हणणाऱ्या माणसानंच इथे क्रम मोडला, तो फोटो आणि नोंद हाताशी असल्यामुळे. उद्या कुणाला पूर्वीसारखं करायचं असेल तर करता येईल.

खोडाची सफाई कोरडी. मऊ कुंचल्यानं आधी धूळ, मग कोंदणांच्या खोबणीतला मळ बांबूच्या काडीनं. मागच्या बाजूला, कड्यांच्या मुळाशी, लाल चिवट थर होता. तो गंज असेल या शंकेनं भिंग लावलं, तर कुंकू. हळदीकुंकवांना घातलेला दागिना, लावणाऱ्या प्रत्येकीच्या बोटाचं थोडं थोडं. पोलकींच्या वरच्या सपाटीवर तेलकट थर होता, हिरा तेल धरून ठेवतो. तो कापूस जवळजवळ कोरडा करून टिपला. सोन्याला पॉलिश अजिबात केलं नाही. शुद्ध सोन्याच्या कडा आधीच झिजलेल्या, त्यावर बफ, म्हणजे पॉलिशचं चाक, फिरवायचा म्हणजे उरलेलं कोंदणही भुकटीत घालवायचं.

जडियांनी दोनच घरं उघडली. एक काळवंडलेली मोठी पोलकी, खोडाच्या वरच्या टोकाची. तिचं कुंदन एका बाजूनं आधीच सुटत आलं होतं, म्हणून ती निघेल असं त्यांना वाटलं, आणि ती अखंड निघाली. खालचा वर्ख काळा, भुगा झालेला. नवा वर्ख कापून बसवला, पोलकी परत तिच्याच जागी, नवं कुंदन ओपणीनं, म्हणजे घोटायच्या हत्यारानं, दाबलं. दुसरं म्हणजे रिकामं घर. त्यात जुन्या मोडीतून मिळालेलं सपाट पैलूचं छोटं माणिक बसलं, बाकीच्यांहून किंचित गडद. दुसरी काळवंडलेली पोलकी घट्ट होती, तिला हात लावू दिला नाही. जडिया नाराज झाले. त्यांच्या मते एवढी एक काळी ठेवली की सगळ्या कामाची शोभा गेली. काचेचा लाल खडाही तसाच राहिला. तो पक्का बसलेला आहे आणि या दागिन्यात त्याचंही वय झालं आहे.

खुळखुळणाऱ्या लाखेचं काम वर्खासाठी उघडलेल्या घरातूनच झालं. त्या पोकळीतून नवी लाख थोडी थोडी, सळईच्या गरम टोकानं सोडली. पूर्ण खोड तापवलं नाही. सगळीकडे ती पोचली असं म्हणणार नाही, पण खुळखुळ बंद झाली.

आणि शिशाचा डाग? तो काढलाच नाही. सुटत असलेला तेवढा भाग खरवडला आणि ती कडी कामातून मोकळी केली. तीन आरपार भोकांची सोन्याची बारीक पट्टी वेगळी घडवली, खोडापासून दूर, नेहमीच्या ज्योतीवर. ती डावीकडच्या दोन शाबूत कड्यांत छोट्या दुव्यांनी अडकवली, आणि दुव्यांची तोंडं शेवटी लेझरनं बंद केली, कारण तिथे शिसं नव्हतं. सरांचा ताण आता त्या दोन कड्यांवर येतो, तुटकी कडी नुसती जागेवर आहे. खोड मधोमध लटकावं म्हणून तशीच पट्टी उजवीकडेही लावली. तन्मणी यामुळे दोन्ही बाजूंनी तीन-चार मिलिमीटर लांबला. दोन्ही पट्ट्यांच्या पाठीवर यंदाचं साल बारीक कोरलं, म्हणजे पुढे कुणाला त्या मूळच्या वाटायला नकोत. कधी काढाव्या वाटल्या तर चार दुवे कापले की झालं.

पटवेकरी

ओवण्याचं काम रविवार पेठेतल्या एका म्हाताऱ्या पटवेकऱ्यांकडे दिलं. सगळे त्यांना मामा म्हणतात. हे काम करणारे आता बोटांवर मोजण्याइतके. रेशमाचं एक टोक पायाच्या अंगठ्याला गुंडाळून, दुसरं दातात धरून, मांडीवर पीळ देत बसतात. तो पीळ यंत्रानं येत नाही.

आमचं दोन गोष्टींवर वाजलं. पहिली मेणावर. मामा धाग्याला मेण लावल्याशिवाय सुई ओवत नाहीत, त्यानं धागा सरळ राहतो. मी म्हटलं, याच मेणानं भोकांत मळ धरला होता, ते मीच काढून आणलंय. शेवटी टोकाच्या बोटभर भागाला मेण, बाकी कोरडं रेशीम, असं ठरलं. दुसरी गाठींवर. बाईंना प्रत्येक मोत्यानंतर गाठ हवी होती, म्हणजे तुटला तर एकच मोती पडेल. मामा म्हणाले, "तन्मणीला गाठी? माळ होईल त्याची." त्यांचं बरोबर होतं. दर मोत्यामागे गाठ आली की सर लांबतो आणि मोती एकमेकांना टेकून जो ओघळ पडतो तो जातो. बारीक भोकाच्या मोत्यांत रेशीम दोनदा जाणंही मुश्किल. मग खोडालगतच्या आणि टोकालगतच्या चार-चार मोत्यांत गाठी घातल्या, जिथे घासणं जास्त असतं. प्रत्येक सराचा मधला भाग मोकळा. मागे किरमिजी रेशमाचा गोंडा, जरीचे वेढे घालून. या सगळ्या कामात सगळ्यात कमी मजुरी मामांची झाली, याचं मला आजही वाईट वाटतं. त्यांनी सांगितलं त्याहून थोडं जास्त दिलं, तर मोजून परत करायला निघाले.

परत देताना

३११ मोती बाईंसमोर मोजले, तीनशेबारावा तडा गेलेला वेगळ्या पुडीत. त्याच पुडीत जुना वर्ख, खरवडलेलं शिसं आणि तंगुसाचे तुकडे. वजन नवं लिहून दिलं, नव्या पट्ट्यांचं आणि गोंड्याचं वेगळं दाखवून.

मुलगी बरोबर आली होती. तिनं आरशासमोर धरून पाहिलं आणि पहिलंच बोट त्या काळ्या पोलकीवर ठेवलं. "ही राहिली का?" का ठेवली ते सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, फार पटलं असं चेहऱ्यावर दिसलं नाही. लग्नाच्या फोटोग्राफरला सांगून ती झाकता येईल, असं तिच्या आईनं सुचवलं.

वापराबद्दल सांगितलं ते थोडकं. मेकअप, केसांचा स्प्रे, अत्तर सगळं झाल्यावर शेवटी तन्मणी घालायचा. उतरवल्यावर कोरड्या मलमलीनं मोती पुसायचे. बँकेच्या लॉकरमध्ये प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडून ठेवायचा नाही, मऊ सुती कापडात गुंडाळून, सपाट, इतर सोन्यापासून वेगळा. सोन्याच्या पाटलीची कड मोत्यावर घासली तरी चरा पडतो. अधूनमधून बाहेर काढून घालावा. मोत्यांच्या मध्ये धागा दिसू लागला, सर सैल पडून लोंबू लागले, की तुटायची वाट न बघता ओवून घ्यायचा. मॉलमधल्या दुकानात फुकट 'क्लीनिंग' करून देतात तिथे हा द्यायचा नाही, हे मुलीला दोनदा सांगितलं.

डबीच्या झाकणाच्या आत एक चिठ्ठी चिकटवून दिली, पुढच्या सोनारासाठी. खोड लाखेचं आहे, पाण्यात घालू नये. डाव्या खालच्या कडीत शिसं आहे, ज्योत दाखवू नये. पट्ट्या नव्या आहेत, काढता येतात. संवर्धित मोती एकोणीस, मागच्या टोकांना.